ड्रॉइंग शिकायचंय? आधी कागदाचं बघू – कुठला घ्यायचा, किती घ्यायचा आणि कसा लावून ठेवायचा

ड्रॉइंग शिकायचं ठरलं की बहुतेक जण आधी पेन्सिलींचे सेट बघायला लागतात, मग खोडरबर, मग व्हिडिओ, आणि कागदाचा नंबर सगळ्यात शेवटी. मग दुकानात जे सगळ्यात छान दिसतं ते जाड पानांचं, कडक पुठ्ठ्याचं स्केचबुक घरी येतं, आणि पहिल्या पानावर काय काढू, खराब झालं तर काय, या विचारात ते कोरंच राहतं. नवीन शिकणाऱ्या कितीतरी जणांचं हे असं होताना मी बघितलंय आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण अडचण त्यांच्या हातात नसते, कागदात असते. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, सरावाचा कागद असा हवा की तो वाया गेला तर जिवाला लागता कामा नये. चांगला कागदही लागतो, पण थोडा, आणि वेगळा ठेवलेला. खाली जे काही सांगतोय ते सगळं याच हिशोबाने आहे.

पायरी १ – घरातले पाठकोरे कागद गोळा करा

काहीही विकत घ्यायच्या आधी घरात बघा. जुन्या प्रिंटआउट, मुलांच्या झेरॉक्स नोट्स, ऑफिसमध्ये चुकून दोनदा छापलेली पानं, मागच्या वर्षीच्या वह्यांमधली उरलेली पानं, हे सगळं चालतं. पाठकोऱ्या कागदाचा मोठा फायदा म्हणजे तो आधीच वापरलेला असतो, त्यामुळे त्यावर हात मोकळा चालतो. पहिले काही आठवडे तुम्हाला काढायचं काय असतं तर सरळ रेषा, गोल, लंबगोल, चौकोनी खोकी, तिरक्या रेषांचं शेडिंग. याला चांगला कागद कशाला हवाय.

फक्त तीन गोष्टी बघून घ्या. एक म्हणजे दुकानाच्या किंवा एटीएमच्या पावत्या, तो गुळगुळीत थर्मल कागद, ते बाजूला काढा, ते आपल्या कामाचे नाहीत. दुसरं, मागचं छापील पुढे फार दिसत असेल तर शेडिंगच्या सरावाला तो कागद घेऊ नका, कारण डोळा सारखा त्या अक्षरांकडे जातो आणि फिकट-गडद कळेनासं होतं, रेषांच्या सरावाला मात्र तो चालेल. तिसरं जरा महत्त्वाचं आहे, मागच्या बाजूला कोणाचा आधार नंबर, बँक खातं, पत्ता, मेडिकल रिपोर्ट असलं काही असेल तर ते पान आधीच फाडून टाका. नंतर आपण चित्राचा फोटो काढून कुठेतरी टाकतो, उजेडात धरलेल्या पातळ कागदातून मागचं वाचता येतं, आणि हे त्या वेळी कोणाच्या लक्षात येत नाही.

पायरी २ – जीएसएम म्हणजे काय ते एकदा नीट समजून घ्या

दुकानात प्रत्येक पॅडवर ७५ जीएसएम, १३० जीएसएम, ३०० जीएसएम असं लिहिलेलं असतं. हे दुसरं तिसरं काही नसून एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. आता ए० साइजचा कागद बरोबर एक चौरस मीटरचा असतो, त्याचे अर्धे, अर्ध्याचे अर्धे करत गेलं की सोळावा भाग म्हणजे आपला ए४. म्हणजे ८० जीएसएमचा ए४ कागद ५ ग्रॅमचा, आणि ५०० कागदांची रीम अडीच किलोची. हातात एक रीम धरून बघा आणि मग तेवढ्याच पानांच्या जाड कार्ट्रिजची (म्हणजे चित्रकलेच्या जाडसर कागदाची) कल्पना करा, लगेच अंदाज येतो.

साधारण असं असतं – वर्तमानपत्राचा कागद ४५-५० च्या आसपास, झेरॉक्सचा ७० ते ८०, प्रोजेक्टला वापरतात तो एक्झिक्युटिव्ह बॉण्ड ८५ ते १००, स्केचबुकं बहुतेक १०० ते १५०, कार्ट्रिज शीट १२० च्या पुढे, आणि वॉटरकलरचा कागद २०० ते ३००. नुसत्या पेन्सिलीला ७५ पासून पुढे काहीही चालतं. पेनाने काढणार असाल आणि पानाच्या दोन्ही बाजू वापरायच्या असतील तर १३०-१४० च्या खाली जाऊ नका, नाहीतर मागे दिसतं. पाणी लागणार असेल तर २०० च्या खाली कागद लगेच गुंडाळायला लागतो, आणि ३०० असला तरी खूप पाणी घातलं तर थोडा वाकतोच, त्याला टेप लावून ठेवावं लागतं.

पण जीएसएम म्हणजे क्वालिटी नाही हे लक्षात ठेवा. जाड कागद वाईट असू शकतो आणि पातळ कागद चांगला असू शकतो. शाळेच्या चित्रकलेच्या काही वह्यांची पानं चांगली जाड असतात पण इतकी गुळगुळीत की ४बी पेन्सिल (बीच्या आधीचा आकडा जितका मोठा तितकी पेन्सिल मऊ आणि काळी, एचबी मधली) त्यावर नुसती घसरते, म्हणून जीएसएम बघून थांबू नका, पुढचं बघा.

पायरी ३ – रोजच्या सरावाला एक रीम

घरातले पाठकोरे संपायला आले की सरळ ए४ ची एक रीम आणा, ७५ किंवा ८० जीएसएमची, झेरॉक्सच्या दुकानात मिळते तीच. हिशोब केला तर एक पान एक रुपयाच्या आतबाहेर पडतं. अख्खी रीम नको असेल तर बऱ्याच स्टेशनरीवाल्यांकडे सुटे कागदही मिळतात, शंभर कागद द्या म्हटलं की देतात, पण तो भाव जरा चढा असतो.

काही लोक म्हणतात की झेरॉक्सच्या कागदावर सराव केला तर सवय बिघडते, मला हे अजिबात पटत नाही. रेषा सरळ येणं, लंबगोल बंद होणं, मापं बरोबर दिसणं, हे सगळं डोळ्याचं आणि हाताचं काम आहे आणि ते या कागदावर उत्तम होतं. फक्त खोल शेडिंगला तो अपुरा पडतो, तीनचार थर दिले की पुढे काळं होतच नाही, चकाकायला लागतं. तेवढ्यापुरता दुसरा कागद घ्यायचा.

झटपट फिगर काढायच्या असतील, म्हणजे अर्ध्या मिनिटात, एका मिनिटात बसलेला-उभा माणूस, तर त्याला न्यूजप्रिंटसारखा, म्हणजे वर्तमानपत्र छापतात तसा, दुसरा कागद नाही. ओळखीचा छापखाना असेल तर विचारून बघा, रिळाचा उरलेला शेवटचा भाग किंवा कापून राहिलेल्या पट्ट्या स्वस्तात मिळून जातात. कोळसा आणि ६बी त्याच्यावर मस्त चालते. पण तो कागद टिकत नाही, लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन त्यात तसंच राहिलेलं असतं आणि ते उन्हाने, हवेने पिवळं पडतं, खिडकीत ठेवलेला जुना पेपर कसा होतो ते आपण बघतोच. तेव्हा न्यूजप्रिंटवर काढलेलं ठेवायचंच असेल तर लगेच फोटो काढून ठेवा.

(अमेरिकेत असाल तर ए४ शोधत बसू नका, तिकडे साडेआठ बाय अकरा इंचाचा लेटर साइज मिळतो आणि त्यावर २० पाउंड बॉण्ड लिहिलेलं असतं, तो आपला ७५ जीएसएमच.)

पायरी ४ – कागदाचा पोत, आणि नमुनापट्टी कशी करायची

या लेखातलं हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, त्यामुळे इथे जरा निवांत वाचा.

पेन्सिल कागदावर उमटते म्हणजे काय होतं, तर कागदाच्या पृष्ठभागावर बारीक उंचसखलपणा असतो, त्यावर पेन्सिलीचं शिसं घासलं जातं आणि त्याचे कण तिथे अडकून बसतात. जितका दाणेदार कागद तितके जास्त कण अडकतात, तितकं गडद काळं मिळतं. आयव्हरी पेपर अगदी गुळगुळीत, त्यावर पेनाच्या रेषा सुरीसारख्या धारदार येतात पण मऊ पेन्सिल घसरते. कार्ट्रिज मधला, पेन्सिलीला सगळ्यात भरवशाचा. हातकागद खरखरीत, त्यावर शेडिंगमध्ये पांढरे ठिपके राहतात, कोळशाला आणि पेस्टलला ते छान दिसतं पण नाकडोळे बारीक काढायला त्रास होतो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे, सुती चिंध्यांपासून कागद कसा करतात ते समजून घ्यायचं असेल तर त्यांचं काम जरूर बघा, कागदाकडे बघायची नजरच बदलते. पूर्वी पोथ्यांसाठी हाच हातकागद गुळगुळीत दगडाने घोटून घ्यायचे, कारण बोरूला खरखरीत कागद चालत नाही. म्हणजे कशाने लिहिणार त्याप्रमाणे कागद तयार करायचा हे आपल्याकडे जुनंच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे खळ. कागद करताना त्यात किंवा त्याच्यावर खळ दिलेली असते, त्यामुळे शाई आणि पाणी लगेच आत शिरत नाही. खळ कमी असली की शाई फुटते. न्यूजप्रिंटवर शाईपेन टेकवून बघा, टिपकागदासारखं पसरतं.

आता हे सगळं वाचून लक्षात राहणार नाही, ते हाताने करूनच बघायला हवं. दुकानात जाऊन चारपाच प्रकारचा एकेक कागद घ्या – झेरॉक्सचा तुमच्याकडे आहेच, एक कार्ट्रिज, एक आयव्हरी, एक एक्झिक्युटिव्ह बॉण्ड, एक हातकागद, आणि वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागदही घ्या. प्रत्येकाचा तळहाताएवढा तुकडा कापा आणि सगळ्यांवर अगदी तेच ते करा:

- एचबीने हलक्या हाताने दोन बोटं रुंदीचं शेडिंग.
- शेजारी २बीने तेवढंच, पण एकावर एक तीन थर, प्रत्येक थराची दिशा वेगळी.
- त्याच्या शेजारी ६बी, दाबून, जेवढं काळं होईल तेवढं.
- आता खोडरबर घेऊन तिन्ही चौकोनांचा खालचा अर्धा भाग खोडा, आणि तोच भाग परत एकदा शेड करून परत खोडा.
- खाली जेलपेनाची एक रेघ, शाईपेनाची एक रेघ.
- सगळ्यात खाली ओल्या ब्रशचा एक फटकारा.

आणि मग खिडकीपाशी नेऊन तिरप्या उजेडात बघा. ६बी कुठल्या कागदावर खरी काळी आली आणि कुठे करडीच राहून चमकायला लागली? खोडल्यावर कुठे स्वच्छ पांढरं निघालं, कुठे डाग राहिला? दुसऱ्यांदा खोडल्यावर कुठल्या कागदाला लव फुटली, म्हणजे त्याचे तंतू घासून वर आले? हे लव फुटणं फार महत्त्वाचं, कारण नवीन माणूस खूप खोडतो, आणि ज्या कागदाला दुसऱ्या खोडण्यात लव फुटते त्यावर पुढची पेन्सिल डागाडागाने बसते, मग आपल्याला वाटतं की आपलंच शेडिंग वाईट आहे. शाईच्या रेघेच्या कडा भिंगातून बघा, त्यांना केसासारखे पाय फुटले असतील तर त्या कागदावर शाई नको. पाणी वाळल्यावर कागद किती वाकला तेही बघा.

प्रत्येक तुकड्याच्या मागे कागदाचं नाव, जीएसएम, किंमत आणि कुठल्या दुकानातून घेतला ते लिहा. एका कोपऱ्यात भोक पाडून सगळे तुकडे एका दोऱ्यात ओवा. झाली तुमची नमुनापट्टी. नंतर कधीही नवीन कागद दिसला की त्याचा एक तुकडा यात वाढवायचा. दुकानात जाताना ही बरोबर न्या, कारण दुकानात सगळे पांढरे कागद सारखेच वाटतात, आणि दुकानदारालाही दाखवता येतं की मला असा हवाय.

खाकी कागदाबद्दल वेगळं सांगतो, कारण तो मला फार आवडतो. त्याची एक बाजू चकचकीत असते आणि एक जरा खरखरीत, खरखरीत बाजू घ्यायची. कागद आधीच मध्यम गडद असल्यामुळे सावली काळ्या पेन्सिलीने आणि उजेड पांढऱ्या पेन्सिलीने, मधलं सगळं कागदच सांभाळतो. पितळेचा तांब्या किंवा वांगं यावर काढून बघा, चमक कुठे असते आणि सावली कुठे सुरू होते हे पांढऱ्या कागदापेक्षा इथे लवकर कळतं.

पायरी ५ – साइज

ए४ पासून सुरुवात करा पण तिथेच राहू नका. छोट्या कागदावर हात मनगटातून फिरतो, मोठ्या कागदावर कोपरातून आणि खांद्यातून, आणि लांब सरळ रेघ किंवा मोठा लंबगोल खांद्यातूनच चांगला येतो. म्हणून रेषांचा सराव जमेल तेव्हा ए३ वर करा, म्हणजे दोन ए४ शेजारी शेजारी ठेवले की होतो तेवढा. ए३ ची रीम महाग वाटत असेल तर दोन पाठकोरे ए४ मागून टेपने चिकटवा, सरावाला काही फरक पडत नाही. ए५ ची छोटी वही बाहेर न्यायला, एसटी स्टँडवर, लोकलमध्ये, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत.

कार्ट्रिज शीट बरेचदा फुल इम्पिरियलच्या मापात येते, २२ बाय ३० इंच. याचा अर्धा भाग १५ बाय २२ आणि पाव भाग ११ बाय १५. दुकानातच कापून मागा, मोठा कटर असतो त्यांच्याकडे, घरी कात्रीने कापलं की कडा वाकड्या येतात आणि मग वाकडी कड बघून आपली उभी रेषाही वाकडी जाते. पाव शीट शिकणाऱ्याला अगदी योग्य माप आहे. घरात कोणी एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना बसणार असेल तर शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना किंवा बाईंना परीक्षेत कागद केवढा मिळतो ते विचारून घ्या आणि शेवटचा महिना त्याच मापावर सराव करा, कारण वस्तुचित्रात कागद कसा भरायचा हे माप बदललं की पूर्ण बदलतं.

शीट गुंडाळून आणली असेल तर घरी आल्याआल्या उघडा, उलट्या बाजूने हलकेच गुंडाळून सोडा आणि रात्रभर सपाट जागी जड पुस्तकांखाली ठेवा. आठवडाभर गुंडाळी तशीच राहिली तर कागद सरळ व्हायला फार वेळ घेतो.

पायरी ६ – कागदाखाली काय ठेवता

परीक्षेचं पॅड असतंच घरी, तेच घ्या, ए३ साठी प्लायचा तुकडा सुताराकडून मागून आणा आणि कडा पॉलिशपेपरने घासून घ्या. पण एकच कागद थेट पॅडवर लावून काढू नका. खाली आठदहा कागदांची गादी ठेवा. कडक पॅडवर एकटा कागद असला की पेन्सिल कर्र करत जाते, पॅडवरचा प्रत्येक ओरखडा शेडिंगमध्ये उमटतो, आणि जरा दाबलं की टोक मोडतं. खाली गादी असली की तीच पेन्सिल, तोच कागद, पण रेघ एकदम मऊ येते. याला एक पैसाही लागत नाही, आजच करून बघा.

पायरी ७ – लावून ठेवणं

इथे बरेच जण कंटाळतात पण याच्याशिवाय सरावाचा अर्धा उपयोग वाया जातो, कारण सुट्या कागदांवर काढलेलं घरभर पसरतं, कुणीतरी त्यावर किराण्याची यादी लिहितं आणि दोन महिन्यांपूर्वी आपण कसं काढत होतो ते बघायला काही उरतच नाही.

तीन गठ्ठे करा. कोरे, चालू आणि झालेले. कोऱ्यांमध्ये पाठकोरे वेगळे आणि चांगले वेगळे, त्यांच्यामध्ये एक पुठ्ठा. चालू म्हणजे पॅडवर चापाने लावलेले वीसेक कागद, ते नेहमी दिसतील असे, टेबलावर किंवा पलंगाशेजारी. पॅड कपाटात गेलं की सराव बंद पडतो, त्यामुळे ते बाहेरच राहू द्या. आणि झालेले सगळे एका खोक्यात. ए४ साठी झेरॉक्सच्या दुकानातून रीमचं रिकामं खोकं मागून आणा, मापाचंच असतं. ए३ आणि पाव शीटसाठी दोन मोठे पुठ्ठे घ्या, तीन बाजूंना भोकं पाडून नाड्या बांधा, आणि हे गादीखाली किंवा कपाटावर आडवं ठेवा, उभं ठेवलं की कागद मधे वाकतात.

प्रत्येक पानावर उजव्या खालच्या कोपऱ्यात चित्र संपल्याबरोबर लिहायचं: तारीख, काय समोर ठेवलं होतं, किती मिनिटं, कुठली पेन्सिल. म्हणजे समजा, "१४ जुलै, केळ्याचा घड, २५ मि., २बी आणि ६बी". एवढंच. चांगलं झालं, वाईट झालं असलं काही लिहू नका. मिनिटं लिहिणं मात्र सोडू नका, कारण पाच मिनिटांच्या चित्राची तुलना आपण नकळत तासाभराच्या चित्राशी करतो आणि उगीच निराश होतो.

झालेले कागद खोक्यात तारखेनेच टाका, विषयाने लावायला जाऊ नका. चेहरे वेगळे, हात वेगळे, झाडं वेगळी असे फोल्डर करायचा मोह होतो पण सुरुवातीला ते सांभाळणं जमत नाही आणि मग सगळंच बंद पडतं. नवीन कागद वर, बस. महिना बदलला की मधे एक रंगीत कागद टाकायचा.

महिन्याच्या शेवटी एकदा सगळे जमिनीवर पसरून बघा, उभं राहून, थोडं लांबून. ओळीने बघितलं की स्वतःलाच दिसतं, लंबगोल अजून डाव्या बाजूला चपटा येतोय, सावली सगळीकडे एकसारखी करडी आहे, चित्र कागदाच्या वरच्याच भागात जातंय. हे एकेका कागदावर दिसत नाही, ओळीने दिसतं. त्यातलं एक काय ते निवडा आणि पुढच्या महिन्यात तेवढ्यावर लक्ष द्या. मग दहाबारा पानं ठेवा – महिन्याचं पहिलं पान नक्की, शेवटचं नक्की, आणि मधली जी काही सांगतात ती. बाकीच्यांची मागची बाजू कोरी असेल तर पेनाच्या सरावाला परत कोऱ्यांच्या गठ्ठ्यात, दोन्ही बाजू भरल्या असतील तर रद्दीत. पहिल्या महिन्यातलं मात्र काही टाकू नका, कितीही नको वाटलं तरी.

मऊ पेन्सिलीची आणि कोळशाची चित्रं एकमेकांवर ठेवली की घासली जातात, त्यांच्यामध्ये बटर पेपर घाला. फिक्सेटिव्हचा स्प्रे (चित्र पुसलं जाऊ नये म्हणून वरून मारतात तो) मारायचा असेल तर गॅलरीत जाऊन मारा, बंद खोलीत नाही.

स्केचबुक हवंच असेल तर

हवंसं वाटणं साहजिक आहे, आणि मी नको म्हणणार नाही, फक्त पहिलं स्केचबुक स्वतः करून घ्या. नमुनापट्टीत जो कागद आवडला त्याचे ए५ चे चाळीसएक कागद कापून घ्या, पुढेमागे पुठ्ठा लावा आणि झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल मारून घ्या. मधेमधे चारपाच खाकी पानं घाला. विकतचं घेणार असाल तर ते टेबलावर पूर्ण सपाट उघडतंय का ते दुकानातच बघा, चिकटवलेल्या बाइंडिंगची काही पुस्तकं अर्धीच उघडतात आणि डाव्या पानावर हात बसत नाही. पेन्सिल वापरत असाल तर समोरासमोरची दोन्ही पानं भरू नका, घासून एकाचं दुसऱ्यावर उमटतं. आणि पहिलं पान सरळ उलटून दुसऱ्या पानापासून सुरू करा, पहिल्यावर नाव, तारीख काय हवं ते नंतर लिहा.

पायरी ८ – पावसाळा आणि कसर

मुंबई, कोकण, गोव्याकडे राहणाऱ्यांनी हे नक्की वाचा. कागद हवेतली ओल पितो. जुलैमध्ये बाहेर राहिलेला झेरॉक्स कागद लाटालाटांचा होतो, आणि ओलसर कागदावर खोडरबर चालवला की लव नेहमीपेक्षा लवकर फुटते. रीमचं वेष्टन ओल आत जाऊ नये म्हणूनच तसं केलेलं असतं, त्यामुळे ते फाडून फेकून देऊ नका, एका बाजूने उघडा, लागतील तेवढे पंचवीसतीस कागद काढा आणि परत टेप लावून बंद करा. खोकं जमिनीवर आणि बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, भिंतीची ओल सरळ कागदात येते. बुटांच्या, बॅगांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात, त्या जमवून आत टाका.

कसर लागते ती कागदातल्या खळीसाठी, तेच तिचं खाणं. अंधार, ओल आणि महिनोन्महिने न हलवलेला गठ्ठा तिला आवडतो. म्हणून महिनाअखेरीला सगळं पसरून बघायचं म्हटलं ना, त्याने हेही काम आपोआप होतं. खोक्यात वाळलेला कडुलिंबाचा पाला फडक्यात बांधून ठेवा, बरेच जण डांबरगोळ्या ठेवतात पण लहान मुलं असलेल्या घरात त्या नकोत. खोक्याच्या तळाशी मातीची रेघ किंवा भुसा दिसला तर ती वाळवी, मग लगेच सगळं बाहेर काढून उन्हात नाही पण सावलीत, पंख्याखाली पसरा आणि खोकं फेकून द्या, तेच परत वापरू नका.

पहिल्या महिन्याची खरेदी

पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात आणि मुंबईत असाल तर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटला एकदा फेरी मारा, एकाच भागात भरपूर प्रकार हाताने बघून घेता येतात, आणि कागद ऑनलाइन मागवण्यापेक्षा पहिल्या वेळी बोट फिरवून घेतलेला केव्हाही बरा. गाव लहान असेल तर शाळेला सामान पुरवणारा स्टेशनरीवाला गाठा, कार्ट्रिज त्याच्याकडे नसली तरी तो मागवून देतो.

यादी एवढीच: ७५ जीएसएम ए४ ची एक रीम, दोन कार्ट्रिज शीट पावात कापून म्हणजे आठ कागद, नमुन्यासाठी एकेक आयव्हरी, बॉण्ड आणि हातकागद, दोन खाकी कागद, बटर पेपरची चारपाच पानं, एक मोठा चाप. पॅड घरचं, खोकं झेरॉक्सवाल्याचं. आठ कार्ट्रिज कागदांपैकी दर आठवड्याला दोन वापरायचे, शनिवार-रविवार निवांत बसून, आठवडाभर रीमवर जे घोटलं तेच त्यावर. ते आठ संपले नाहीत तर दुसऱ्या महिन्यात नवीन आणू नका, आणि आठवड्याला दोन पुरत नाहीत असं व्हायला लागलं तर पुढच्या वेळी चार शीट आणा. वॉटरकलरचा ३०० जीएसएमचा कागद रंग हातात घ्याल तेव्हा बघू, सध्या त्याचा फक्त एक तुकडा नमुनापट्टीत असू द्या.